नियमाला अपवाद कोणी करायचा? बेनेडिक्ट, असिसीकर फ्रान्सिस आणि क्लारा यांच्या नियमग्रंथांविषयी

वसईचा किल्ला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. बहुतेक जण चिमाजी अप्पांचे नाव घेऊन आत शिरतात आणि १७३९ ची मोहीम आठवत बाहेर येतात. ते योग्यच आहे. पण आत ज्या पडक्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत त्या कोणाकोणाच्या, हे फारसे कोणी विचारत नाही. एक फ्रान्सिस्कनांची, एक डोमिनिकनांची, एक जेझुइटांची, एक ऑगस्टिनियनांची. एकाच तटबंदीत चार संघ आणि प्रत्येकाची वेगळी वास्तू! एकाच पोपला मानणाऱ्या, एकच श्रद्धासूत्र म्हणणाऱ्या लोकांना चार घरे कशाला लागावीत?

आपल्याकडे याची दोन उत्तरे तयार असतात. दोन्ही आम्हाला पटत नाहीत. पहिले उत्तर असे की, ही सगळी वरवरची नावे आहेत. ख्रिस्ती धर्म म्हणजे एक ग्रंथ, एक चर्च, एकच मार्ग, आणि मार्गांची विविधता ती काय आपल्याकडे. दुसरे उत्तर भाविकांचे. ते म्हणतात, एकाच वृक्षाच्या या फांद्या, सगळ्या प्रेमाने नांदणाऱ्या. पहिले उत्तर अज्ञानातून येते, दुसरे सौजन्यातून. दोन्ही देणाऱ्यांनी या संघांचे मूळ नियमग्रंथ सहसा उघडलेले नसतात. आज आम्ही त्यांतले तीन उघडणार आहोत आणि ग्रंथ म्हणून त्यांची परीक्षा करणार आहोत. कोण मोठा संत, हा आपला विषय नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत आपण सरसकट ‘पाद्री’ म्हणतो. हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द, आणि तो सगळ्यांना एकच झगा चढवतो. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर स्टीफन्स जेझुइट होते. ते मठवासी नव्हते. जेझुइटांवर एकत्र जमून दिवसातून अनेकदा स्तोत्रे गाण्याचे बंधनच नाही. मठवासी म्हणजे जो एका मठात राहतो आणि तिथेच मरतो. फ्रान्सिस्कन आणि डोमिनिकन हे भिक्षेवर जगणारे, फिरणारे बंधू. वसईच्या त्या चार भिंतींत बेनेडिक्टिनांची भिंत नाही, हे लक्षात घ्या. समुद्र ओलांडून ते कधी गेलेच नाहीत असे नव्हे, ब्राझीलमध्ये त्यांचे मठ झाले. पण ज्याचे पहिले व्रतच ‘इथून हलणार नाही’ असे आहे, त्याला जहाजावर चढवणे अवघडच.

आणि व्रतांबद्दलही एक गैरसमज आहे. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही तीन व्रते सगळ्यांची, असे पाठ्यपुस्तकात असते. बेनेडिक्टच्या नियमात ही त्रयी नाही. तिथे आहे ते स्थैर्य, जीवनपद्धतीचे परिवर्तन आणि आज्ञापालन. तसेच ‘प्रार्थना आणि काम’ हे बेनेडिक्टचे म्हणून जे लॅटिन ब्रीदवाक्य सगळीकडे छापतात, तेही त्याच्या नियमात त्या शब्दांत कुठेच नाही. ते पुष्कळ नंतरचे. मूळ वाचा म्हणून आम्ही आग्रह धरतो तो एवढ्यासाठीच.

तर पहिला ग्रंथ. इटलीतल्या नर्सियाचा बेनेडिक्ट, सहाव्या शतकाचा पूर्वार्ध, माँते कासिनो हा त्याचा मठ. एक प्रस्तावना आणि ७३ प्रकरणे. ‘रेग्युला’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ पट्टी, सरळ रेघ आखायची पट्टी. आता पट्टी म्हटली की ताठपणा आला, असे आपल्याला वाटते. पण जरा आत जाऊन बघा.

पहाटेच्या अंधारातली उपासना. उशिरा येणाऱ्याला शिक्षा आहेच. पण बेनेडिक्ट सांगतो की सुरुवातीचे एक स्तोत्र मुद्दाम सावकाश, लांबवून म्हणा, म्हणजे धावतपळत येणाऱ्याला तेवढी सवड मिळेल. झोपताना कमरेचा चाकू काढून ठेवा, नाहीतर झोपेत लागेल. जेवणात दोन शिजवलेले पदार्थ असावेत, कारण एखाद्याला एक चालत नसेल तर दुसरा खाता येईल. द्राक्षारसाचे प्रकरण तर फारच बोलके. मठवासीयाने द्राक्षारस घेऊच नये असे जुन्या लोकांनी म्हटले आहे हे तो मान्य करतो. मग म्हणतो, पण आजच्या लोकांना हे पटवता येत नाही, तेव्हा निदान पोटभर पिऊ नये एवढे तरी ठरवू. आणि माणशी रोजचे माप ठरवून देतो. स्तोत्रांची आठवड्याची वाटणी त्याने बारकाईने लावून दिली आहे. पण याहून बरी वाटणी कोणाला सुचली तर खुशाल करा असेही लिहून ठेवतो. अट एकच, आठवड्यात दीडशेच्या दीडशे स्तोत्रे झाली पाहिजेत.

हा माणूस नियम लिहितो आहे की अपवाद? आमचे उत्तर : दोन्ही, आणि एकाच वाक्यात. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्राच्या पाचव्या पुस्तकात लेस्बॉसच्या गवंड्यांची एक शिशाची पट्टी सांगितली आहे. ती दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. कायदा सर्वसाधारण असतो, प्रसंग विशिष्ट असतो. म्हणून खऱ्या न्यायाला अशी वाकणारी पट्टी लागते, असे त्याचे म्हणणे. बेनेडिक्टने ॲरिस्टॉटल वाचला होता असे आम्ही म्हणत नाही. पण त्याची पट्टी शिशाची आहे.

ती वाकवायची कोणी? मठाधिपतीने. इथे या ग्रंथाचे बळ आहे आणि दुबळेपणाही. महत्त्वाच्या कामी मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावे, कारण जे उत्तम ते देव पुष्कळदा धाकट्यालाच सुचवतो, असे तिसरे प्रकरण सांगते. पण ऐकून घेतल्यावर निर्णय त्याचाच. मठाधिपती चांगला तर सगळे चांगले. तो बिघडला तर? याला बेनेडिक्टकडे पुरेसे उत्तर नाही. शिवाय याच प्रेमळ ग्रंथात लहान मुलांना चुकीबद्दल छड्या आहेत, आणि कुरकुर करणे हा मोठा अपराध आहे. हे लपवून वाचू नये.

मालमत्तेचे बघा. एकट्या मठवासीयाचे काहीही नाही. पुस्तक, पाटी, लेखणी काहीच स्वतःचे नाही. पण मठाचे सगळे असू शकते. प्रत्येक भाऊ निर्धन आणि सगळे मिळून धनवान! ९१० मध्ये स्थापन झालेले क्लूनी पुढे असे वाढले की तिथले तिसरे चर्च हे रोममधले नवे सेंट पीटर्स होईपर्यंत पश्चिम युरोपातले सर्वांत मोठे होते. नियम मोडला होता का? नाही. अक्षरशः पाळूनही हे झाले.

मधली तीन-चारशे वर्षे भराभर सांगतो, कारण आजचा विषय तो नाही. नवव्या शतकाच्या आरंभी शार्लमेनचा मुलगा लुई याने साम्राज्यातल्या सगळ्या मठांवर बेनेडिक्टचाच नियम बसवायचा प्रयत्न केला. म्हणजे विविधता नको, असे राजसत्तेला वाटले. ते टिकले नाही. १०८४ मध्ये ब्रुनोने कार्थुसियनांचा एकांत सुरू केला. तिथे प्रत्येकाची वेगळी खोली आणि जवळजवळ अखंड मौन. १०९८ मध्ये सितो इथे काही जण बेनेडिक्टचा नियम ‘खरा’ पाळायचा म्हणून बाहेर पडले. त्यांच्यातला बर्नार्ड पुढे क्लूनीच्या पंगतींची आणि कोरीव खांबांची अशी टर उडवतो की वाचताना हसू आवरत नाही. एकच ग्रंथ आणि त्याच्या नावाने दोन जीवनपद्धती, दोन्ही एकमेकींवर नाराज. शेवटी १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने सांगितले, पुरे आता. नवा संघ काढू नका, काढायचाच तर आधी मान्य झालेला एखादा नियम घ्या. डोमिनिकने म्हणूनच ऑगस्टिनचा नियम घेतला.

फ्रान्सिसने घेतला नाही. त्याला परिषदेच्या आधीच, पोप तिसरा इनोसंट याच्याकडून तोंडी मान्यता मिळालेली होती. तोंडी! पुढे १२२१ चा एक लांबलचक मसुदा झाला आणि शेवटी २९ नोव्हेंबर १२२३ रोजी पोप तिसऱ्या होनोरियसने मान्य केलेला बारा प्रकरणांचा आटोपशीर नियम. बेनेडिक्टच्या शेजारी ठेवून वाचला तर पहिल्यांदा काय जाणवते? हा नियम भिंतींबद्दल बोलतच नाही. झोपायची खोली, स्वयंपाकघर, कोठार काही नाही. रस्ता आहे. चालताना कसे वागावे, पुढ्यात येईल ते खावे, गरज किंवा आजार नसेल तर घोड्यावर बसू नये. पैशाला हात लावू नये. आणि मुख्य म्हणजे घर नाही, जागा नाही, कुठलीच वस्तू नाही. एकट्याची नाही आणि सगळ्यांची मिळूनही नाही. क्लूनीच्या कोड्याला हे उत्तर होते.

आता, बेनेडिक्टने पहिल्याच प्रकरणात मठवासीयांचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतला सर्वांत वाईट कोणता? जो आयुष्यभर या मठातून त्या मठात तीन-चार दिवसांचा पाहुणा म्हणून फिरत राहतो तो. सातशे वर्षांनी एक माणूस फिरण्यालाच व्रत करतो आणि चर्च त्याला संत ठरवते. दोघांतला फरक फक्त वेशाचा असता तर ‘फांद्या’ म्हणून सोडून देता आले असते. एकाला जे अधःपतन वाटले ते दुसऱ्याला सुवार्ता वाटली.

फ्रान्सिसच्या नियमातही अपवाद आहेत, हे सांगितले पाहिजे. गरज पडली तर पादत्राणे चालतात. पण अपवादाचा निर्णय कोणाचा, याची व्यवस्था त्याने नीट लावली नाही. त्याचा भरवसा भावाच्या निर्मळ मनावर होता. आणि मरण्यापूर्वी, १२२६ मध्ये, त्याने आपले मृत्युपत्र सांगितले. छोटेसे आहे, जरूर वाचा. सुरुवात नियमापासून नाही, महारोग्यांपासून आहे. पूर्वी जे त्याला कडू वाटे तेच त्यांच्या सहवासात गोड कसे झाले, हे तो सांगतो. शेवटाकडे मात्र एक आज्ञा येते : माझ्या नियमावर आणि या शब्दांवर भाष्य करू नका, याचा अर्थ असा, त्याचा अर्थ तसा, म्हणत बसू नका, आणि हे मृत्युपत्र नेहमी नियमाबरोबर ठेवून वाचा.

इथे आमचा आक्षेप आहे, आणि फ्रान्सिसवर प्रेम असूनही तो सांगितला पाहिजे. नियम अमुक भावनेने वाचा असे सांगणारा दुसरा मजकूर त्याच्या शेजारी ठेवणे, हेच मुळी भाष्य झाले. भाष्यबंदी करणारे भाष्य! शिवाय ‘काहीही आपले नसावे’ हे वाक्य जगायला घेतले की पहिल्याच हिवाळ्यात प्रश्न उभा राहतो. हजारो भाऊ झाले, त्यांना छप्पर हवे, प्रवचन करायचे तर पुस्तके हवीत. ती कोणाची? तुम्ही अर्थ लावायचा नाही असे म्हणालात, म्हणून अर्थ लावणे थांबत नाही. ते दुसऱ्याच्या हाती जाते.

आणि तसेच झाले. १२३० मध्ये, फ्रान्सिसला जाऊन चार वर्षे झाली होती, पोप नववा ग्रेगरी याने ठरवले की मृत्युपत्र बंधनकारक नाही. हा ग्रेगरी कोणी परका नव्हता. कार्डिनल उगोलिनो म्हणून तो फ्रान्सिसचा स्नेही होता, त्यानेच १२२८ मध्ये त्याला संतपद दिले होते. बंधूंच्या संमतीवाचून फ्रान्सिसला त्यांना बांधता येत नव्हते, असा त्याचा कायदेशीर मुद्दा. पुढे १२४५ मध्ये चौथ्या इनोसंटने तोड काढली : वस्तू बंधूंच्या वापरात, मालकी पोपच्या गादीची. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात खरी गोडी आहे. वापर आणि मालकी वेगळी करता येते का? घराची येईल. पण भाकरीची? खाल्लेल्या भाकरीचा मालक कोण? १३२२ मध्ये बाविसाव्या जॉनने नेमके हेच विचारले. एका अंड्याची, चीजच्या तुकड्याची मालकी रोमकडे आणि खाणे मात्र बंधूंचे, हा काय प्रकार, असे म्हणून त्याने ती मालकी परत केली. तर्क बिनतोड आहे. पण तो कोण कोणाला ऐकवतो आहे, तेही पाहिले पाहिजे.

कारण त्याच्या चार वर्षे आधी, ७ मे १३१८ रोजी, मार्सेयमध्ये चार फ्रान्सिस्कनांना जिवंत जाळले होते. वाद कशावरून? आखूड, फाटके झगे घालावेत का, आणि धान्य व द्राक्षारस कोठारात साठवावा का, यावरून. साठवू नये, असे ते म्हणत होते. पोपची आज्ञा त्यांनी मानली नाही, कारण नियमापेक्षा ती मोठी नाही अशी त्यांची समजूत. १३२३ मध्ये तर ख्रिस्ताचे व त्याच्या शिष्यांचे स्वतःचे किंवा सामाईक काहीच नव्हते, असे हट्टाने म्हणणे हेच पाखंड ठरवले गेले. १३२८ मध्ये संघाचा प्रमुख मिकेले आणि त्याच्याबरोबर विल्यम ऑफ ओकम, हो, तोच तर्कशास्त्रातल्या वस्तऱ्याचा ओकम, ॲव्हिन्यॉनहून रातोरात पळाले. उंबेर्तो एको यांची ‘द नेम ऑफ द रोझ’ ही कादंबरी ज्यांनी वाचली आहे त्यांना ही पार्श्वभूमी ओळखीची वाटेल.

‘विविधतेतली गोडी’ सांगणाऱ्यांनी या चार माणसांचे काय करायचे ते सांगावे. आणि ‘त्यांच्यात विविधता नव्हतीच’ म्हणणाऱ्यांनीही सांगावे, की मग ते कशासाठी जळले?

तिसरा ग्रंथ क्लाराचा. आमच्या मते तिघांत हाच सर्वांत विचारी ग्रंथ आहे, आणि सर्वांत कमी वाचला जाणारा.

असिसीच्या सरदार घराण्यातली ही मुलगी अठराएक वर्षांची असताना रात्री घर सोडून फ्रान्सिसकडे आली. तिला रस्त्यावर फिरता येणार नव्हते, स्त्रीला ते मोकळे नव्हतेच. सान दामियानो या लहानशा जागेत ती चाळीसएक वर्षे राहिली. लॅटरन परिषदेनंतर तिच्यावर बेनेडिक्टचा नियम बसवला गेला, त्यावर कार्डिनल उगोलिनोची कलमे. मठाला जमिनी घ्या, उत्पन्न लावून घ्या, म्हणजे बायकांचे पोट सुटणार नाही, असा सगळ्यांचा आग्रह. तिने १२२८ मध्ये याच ग्रेगरीकडून एक विलक्षण लेखी सवलत मिळवली : मालमत्ता स्वीकारायची सक्ती आमच्यावर कोणालाही करता येणार नाही. लोक सनद मागतात ती काहीतरी मिळावे म्हणून. हिने मागितली ती काही मिळू नये म्हणून.

फ्रान्सिस भाष्य नको म्हणाला. क्लाराने कायद्याची भाषा शिकून घेतली आणि तीच आपल्या बाजूने वापरली. १२४७ मध्ये चौथ्या इनोसंटने मालमत्तेची मुभा देणारा नवा नियम पाठवला, तेव्हा ती स्वतःच लिहायला बसली. पोपची मान्यता मिळालेला, स्त्रीने लिहिलेला ज्ञात असलेला हा पहिला नियम. मान्यता ९ ऑगस्ट १२५३ ला मिळाली. ११ ऑगस्टला ती गेली. ते मूळ आज्ञापत्र १८९३ मध्ये असिसीत, तिच्या जपून ठेवलेल्या वस्त्रांत सापडले.

ग्रंथ कसा रचला आहे? बराच भाग फ्रान्सिसच्या नियमातून उचललेला, काही बेनेडिक्टमधून, काही उगोलिनोच्या कलमांतून. यात नवीन काय, असे घाईने वाचणारा म्हणेल. पण बरोबर मध्यावर ती एकदम आपल्या तोंडाने बोलू लागते. आम्ही कशा आलो, फ्रान्सिसने आम्हाला काय लिहून दिले, जाताना काय सांगितले. कलमांच्या रांगेत मधोमध एक आठवण. नियम कुठून आला ते विसरून त्याचा अर्थ लावू नका, हे तिने भाष्यबंदी न करता साधले. लेखक म्हणून हे फ्रान्सिसच्या मृत्युपत्रापेक्षा सरस आहे असे आम्ही म्हणू.

आणि अपवाद? ते ठायी ठायी आहेत. उपास कडक, पण लहान मुलींना, अशक्तांना, बाहेर काम करणाऱ्यांना सूट. आजारी बहिणीला पिसांची उशी, लोकरीचे मोजे चालतील. नातेवाइकांनी एखादीला काही पाठवले तर ते तिलाच द्यावे, तिला नको असेल तर तिने गरज असलेल्या बहिणीला द्यावे. जमीन? मठाला आडोसा राहील एवढीच, आणि तिच्यात शेती करायची नाही, फक्त बहिणींपुरता भाजीपाला. परसबाग म्हणा ना! ‘काहीच नाही’ या मोठ्या शब्दाचे तिने वाफे पाडून दाखवले.

मुख्य गोष्ट पुढे आहे. आठवड्यातून एकदा सगळ्या बहिणींनी एकत्र बसायचे, कारण जे उत्तम ते देव पुष्कळदा सर्वांत धाकटीला सुचवतो. ओळखीचे वाटते ना? बेनेडिक्टचे तिसरे प्रकरण! पण बेनेडिक्टकडे धाकट्याला फक्त विचारायचे असते. क्लाराकडे मोठे कर्ज सगळ्यांच्या संमतीवाचून काढताच येत नाही. पट्टी शिशाचीच आहे, पण ती वाकवणारे हात अनेक आहेत. बेनेडिक्टने अपवाद एका माणसाकडे ठेवला, फ्रान्सिसने तो निर्मळ मनावर सोडला आणि तो पोपच्या वकिलांकडे गेला; क्लाराने तो एकत्र बसलेल्या बायकांकडे ठेवला.

यावर तुम्ही म्हणाल, मग तिचा नियम टिकला का? फारसा नाही. १२६३ मध्ये चौथ्या उर्बनने तिच्याच नावाच्या संघासाठी मालमत्तेची मुभा असलेला दुसरा नियम दिला आणि बहुतेक मठांनी तो घेतला. १२९८ मध्ये आठव्या बोनिफेसने सगळ्याच साध्वींना भिंतीआड बंद केले. पंधराव्या शतकात कोलेत नावाच्या फ्रेंच साध्वीने क्लाराचा नियम काही मठांत पुन्हा उभा केला. पुरुषांना जंगल, मठ, रस्ता, विद्यापीठ असे निवडायला होते. स्त्रियांना बरीच शतके बहुतेक वेळा भिंत आणि तिच्या आतले प्रकार. विविधतेचा हिशेब मांडताना हा रकाना कोरा ठेवू नये.

वेळ संपत आली. पुढच्या व्याख्यानात इग्नेशियसची घटना घेऊ. तिच्यात एकत्र गायची स्तोत्रे का काढून टाकली, इथपासून सुरुवात करू. ज्यांना जमेल त्यांनी बेनेडिक्टचे पहिले, तिसरे आणि चाळिसावे प्रकरण वाचून यावे. चाळिसावे म्हणजे ते द्राक्षारसाचे. प्रश्न असतील तर आता विचारा.